चौकीदाराची दुपार

१२ जानेवारी

प्रिय आत्या,

तुझा खोकला कसा आहे हे आधी विचारते, नाहीतर तुला वाटेल पत्र नुसतं कामासाठी आहे. आहे ते कामासाठीच, पण खोकल्याचंही खरंच विचारतेय.

आपल्या नाट्यमंडळाला या मार्चमध्ये ऐंशी वर्षं होतात. त्यानिमित्त गावातल्या सगळ्या जुन्या घराण्यांचं मिळून एक नाटक करायचं ठरलंय. तळ्याचा बंधारा फुटून खालची वस्ती वाहून गेली, त्या दिवशी आपल्या पूर्वजांनी काय केलं, हा विषय. प्रत्येक पूर्वजाचं काम त्याच्याच वंशजाने करायचं आणि लिहायचं मी. मी नको म्हणून पाहिलं. मंडळाचे अध्यक्ष, म्हणजे ते औषधाच्या दुकानाचे मालक, म्हणाले, "नगरपालिकेच्या दप्तरखान्यात तू कामाला, मंडळाच्या संस्थापकांची तू पणती. तू नाही लिहिणार तर काय मी पुड्या बांधता बांधता लिहू?" यावर काय बोलायचं ते मला घरी आल्यावर सुचलं, आणि तेही फार चांगलं नव्हतं.

घराघरांतून अर्ज मागवले. पूर्वज कोण, काय करायचे, त्या दुपारी त्यांनी काय केलं. एकूण त्रेचाळीस अर्ज आले. मी रात्री झोप येईना म्हणून बेरीज केली. आपल्या पूर्वजांनी मिळून खालच्या वस्तीतून सहाशे बारा माणसं वाचवली आहेत. खालच्या वस्तीत तेव्हा राहत होती दोनशे चाळीस, आणि त्यातली एकतीस गेली. अध्यक्षांना हे दाखवलं. ते म्हणाले, "बाळा, काही जणांना दोनदा वाचवलं असेल." त्यांच्या स्वतःच्या आजोबांनी आधी सात जणांना वाचवलं होतं. मग बेकरीवाल्यांचा नऊचा अर्ज आला, तेव्हा अध्यक्षांनी आपला अर्ज "अक्षर नीट नव्हतं" म्हणून परत नेला. आता अकरा आहेत. अक्षर तसंच आहे.

बाबा पणजोबांचं काम करणार आहेत. मिशा वाढवायला घेतल्यात. आई म्हणते मार्च संपेपर्यंत मी पाहुण्यांच्या खोलीत झोपते.

अर्ज नाही आला तो फक्त एकाचा, बंधाऱ्यावरच्या चौकीदाराचा. तो झोपला आणि धोक्याची घंटा वाजलीच नाही, हे तर लहान मुलांनाही माहीत आहे. आजही कामात कोणी डुलकी काढली की "चौकीदार झालाय" म्हणतात. बंधाऱ्यावरच्या प्रत्येक नाटकात तो टोपी डोळ्यांवर ओढून घोरतो आणि लोक हसतात. ती टोपी मंडळाचे कपडे शिवणाऱ्या टेलरकाकांनी कपडेपटाच्या पेटीत जपून ठेवली आहे. पण त्याच्याबद्दल लेखी असं मला एकच सापडलं. रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत पणजोबांनी सांगितलेली हकीकत आहे, ती तू लिहून घेतली होतीस. त्यात एकच वाक्य : "चौकीदार झोपला होता." पणजोबांनी तुला याहून काही सांगितलं होतं का? तो कोण, पुढे कुठे गेला, घरी कोण होतं? नुसतं घोरणं लिहायला मला कसंतरीच होतंय. म्हणजे हट्ट नाही माझा.

तुझी भाची


२१ जानेवारी

शंकेबाईंस,

खोकला ठीक आहे. तो आणि मी एकमेकांच्या सवयीचे झालो आहोत.

तुझ्या पत्रात दर तिसऱ्या वाक्याला माफी आहे. आठव्या वर्षापर्यंत तुला शाळेत न घालता स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून मीच शिकवलं, तेव्हा दुसऱ्या कोणाला नावं ठेवायची सोय नाही.

अर्जांचं वाचून पोट धरून हसले. अध्यक्षांच्या आजोबांना मी पाहिलंय. पाण्याची इतकी धास्ती की आंघोळीला बादली लांब ठेवून तांब्याने पाणी आणत. त्यांनी अकरा माणसं वाचवली असतील तर ती सगळी कोरडी होती. बेकरीवाल्यांचे पणजोबा मात्र चांगले पोहत, पण हाक मारल्यावर "आलो" म्हणून तासाने येणारा माणूस. तू हे कुठे लिहू नकोस. लोकांना एक संध्याकाळ पूर्वज मिळू देत, तुझं काय जातंय?

चौकीदाराचं सोड. घोरणं लिहवत नसेल तर त्याला नाटकातच आणू नकोस. बंधारा फुटला म्हणावं, पुढे चालावं. जो माणूस एका वाक्यात मावला, त्याला इतक्या वर्षांनी ओढून लांब करण्यात काय हशील? तुला नाटक लिहायला बसवलंय, चौकशी अधिकारी म्हणून नेमलेलं नाही. आजोबांनी मला याहून वेगळं काही सांगितलं नाही.

जेवतेस ना वेळेवर? तुझ्या बाबाला सांग, आजोबांच्या मिशा पातळ होत्या. फार कष्ट घेऊ नकोस.

आत्या


६ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तू सांगितलंस तसं सोडून दिलं होतं. दोन दिवस.

मग दप्तरखान्यात मागच्या रॅकवर 'किरकोळ' असं लिहिलेलं एक गाठोडं होतं, ते सोडलं. पाण्याच्या नळाची तक्रार, मोकाट घोडा, असलंच सगळं. त्यात आपल्या मंडळाच्या कागदावरचा एक अर्ज निघाला. मी जसाच्या तसा उतरवून घेतलाय :

"आमच्या नाट्यगृहातील घंटा सायकलच्या घंटीइतकीच वाजते व प्रेक्षक पडदा उघडल्यावरही बोलत राहतात. तरी तळ्याच्या बंधाऱ्यावरील मोठी घंटा, जी सध्या विनावापर आहे, ती तीन दिवसांकरिता वापरण्यास मिळावी."

खाली पणजोबांची सही. वर शेरा, "तीन दिवसांकरिता देण्यास हरकत नाही."

त्याला टाचणीने तीन चिठ्ठ्या लावल्या आहेत. तिन्ही चौकीदाराच्या, दुसऱ्या कोणाकडून तरी लिहवून घेतलेल्या, खाली अंगठा. "घंटा अद्याप आली नाही." "घंटा अद्याप आली नाही, पाणी वाढत आहे." तिसरीत नुसतं "घंटा पाठवावी." अर्जापासून तिसरी चिठ्ठी चौदा महिन्यांनी लिहिलेली आहे. तिच्या मागे पणजोबांच्या अक्षरात आहे, "चालू नाटकाचे पन्नास प्रयोग पूर्ण होताच परत करू." बंधारा फुटला तो त्यानंतर अकराव्या दिवशी.

आत्या, मी दहा वेळा वाचलं. मग मला वाटलं, त्या अकरा दिवसांत परत केली असेल. पावती हरवली असेल. म्हणून जुन्या जाहिराती काढून बघितल्या. बंधारा फुटला त्या दुपारी तीन वाजता मंडळाचा प्रयोग होता. त्रेचाळिसावा.

नंतर हॉलवर गेले. विंगेतली आपली घंटा, नाटकाआधी तीनदा वाजते ती, स्टुलावर चढून पुसली. एका बाजूला अक्षरं होती, ती कानशीने घासून काढली आहेत. डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागतं.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, जुने कागद असेच असतात, एकाचा अर्थ लावायला गेलं की दुसरा निघतो. मग आरशात बघायला गेले.

तूच शिकवलंस, शंका असेल तोवर पेन्सिलने लिही, खात्री झाली की शाईने. मी अजून पेन्सिलने लिहितेय. तू म्हणालीस तर खोडेन. फक्त एवढं सांग की घंटा परत गेली होती, तुला तसं कोणीतरी सांगितलं होतं.

तुझी भाची


२४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

अठरा दिवस तुझं उत्तर नाही. खोकला वाढला का? शेजारच्या नर्सबाईंना फोन केला, त्या म्हणाल्या तू रोज दोन वेळा फिरून येतेस. म्हणजे मी तुला दुखावलंय. पणजोबांबद्दल तसं लिहायला नको होतं, पण कागद समोर असताना कसं लिहायला हवं होतं तेही मला कळत नाही.

इथे बरंच घडलंय.

मी टेलरकाकांना सांगायला गेले की या वेळी घोरण्याची टोपी लागणार नाही. ते मशीनवर कुणाच्या तरी पणजोबांचा झगा शिवत होते. त्यांनी पाय थांबवला.

"का नाही लागणार?"

"चौकीदार झोपला नव्हता बहुतेक," मी म्हणाले. "घंटाच तिथे नव्हती."

त्यांनी दोरा दातांनी तोडला, झगा घडी करून ठेवला आणि म्हणाले, "माहितीये."

चौकीदार त्यांचे आजोबा, आत्या. आईचे वडील. त्यांची आई तेव्हा आठ वर्षांची होती, आता चौऱ्याऐंशीची आहे. हॉलपासून तिसऱ्या गल्लीत राहते. पाणी सुटताना दिसल्यावर तिचे वडील तिचा हात धरून, पत्र्याचा डबा बडवत खालच्या वस्तीत धावले. अर्ध्या घरांपर्यंत पोचले. महिन्याभरात गावाने त्यांना इथून घालवलं. ती लग्न होऊन परत याच गावात आली, नवऱ्याचं नाव लावून, आणि तेव्हापासून आजवर तिला कोणी काही विचारलं नाही, कारण ती कोण हे कोणाला माहीतच नव्हतं.

"मग तुम्ही ती टोपी कशी शिवलीत?" मी विचारलं.

"दुसऱ्या कोणी शिवली असती तर अजून मोठी शिवली असती," ते म्हणाले. मंडळात शिवणकाम करतो हे त्यांनी आईला अजून सांगितलेलं नाही. ती समजते शाळेचे गणवेश शिवतो.

त्यांना विचारून मी समितीपुढे कागद वाचले. त्यांचं नाव घेतलं नाही. मला वाटलं सगळे चिडतील. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "फारच छान. यात नाट्य आहे." चौकीदाराचं काम आता मुख्य झालंय. आणि तीन दिवसांत चार घराणी त्याची नातेवाईक निघाली. बेकरीवाल्यांची पणजी त्याची मानलेली बहीण होती. सायकल दुरुस्तीवाल्यांकडे त्याचा कंदील आहे, तो मी पाहिला, त्याला बॅटरी लागते. अध्यक्ष म्हणतात, "रक्ताचं नातं सांगत नाही मी, पण त्याला खोकल्याचं औषध आमच्याच दुकानातून जायचं. एक प्रकारे घरचाच."

मी त्यांना आणखी एक दाखवलं. त्या प्रयोगाला पुढच्या रांगांत कोण कोण बसलं होतं त्याची छापील यादी आहे. ज्या पूर्वजांनी माणसं वाचवली ते बहुतेक सगळे यादीत आहेत, खुर्चीच्या नंबरासकट. अध्यक्ष म्हणाले, "मध्यंतर असतं की."

अडलं ते एकाच ठिकाणी. घंटा कोणी नेली? संस्थापकांचं नाव नको, हॉलमध्ये त्यांचा फोटो आहे आणि हार आताच नवीन घातलाय, यावर एकमत झालं. एकाने अज्ञात चोरटे सुचवले. एकाने माकडं सुचवली. शेवटी ठराव झाला, मी तसाच देते : "तांत्रिक कारणास्तव घंटा जागेवर उपलब्ध नव्हती." हे वाक्य नाटकात चौकीदाराने म्हणायचं आहे. धावता धावता.

काय करू ते सांग. रागावून लिहिलंस तरी चालेल.

तुझी भाची


२७ फेब्रुवारी

बाळा,

रागावलेली नाही. तू दुखावलंही नाहीस. अठरा दिवस मी रोज लिहायला बसले आणि उठून फिरायला गेले. नर्सबाईंनी मोजलंय ते खरं.

घंटा परत गेली नव्हती.

मी सतरा वर्षांची होते. माझं अक्षर चांगलं म्हणून स्मरणिकेचं काम मला मिळालं. आजोबा दुपारी आरामखुर्चीत बसून सांगत, मी लिहून घेई. बंधाऱ्याशी आल्यावर ते आरामखुर्चीत सरळ झाले. मग म्हणाले, "घंटा आमच्याकडे होती. लिही." मी लिहिलं. "वाच," म्हणाले. मी वाचलं. त्यांनी पाणी मागितलं, प्यायले, आणि म्हणाले, "हे खोड. त्याऐवजी घाल, चौकीदार झोपला होता."

मी विचारलं, "खरंच झोपला होता का?"

"तेव्हा सगळे तसंच म्हणत होते," आजोबा म्हणाले.

ते आधी तोंडोतोंडी होतं. छापलं मी. त्यानंतर कोणी शंका काढली की लोक स्मरणिका दाखवत. मला दरडावलं नव्हतं कोणी. मी अडून बसले असते तर आजोबांनी ते वाक्य राहू दिलं असतं, असं मला आजही वाटतं, कारण सांगताना त्यांना बरं वाटत होतं. पण पानाच्या तळाशी 'शब्दांकन' म्हणून माझं नाव छापून येणार होतं. मला भीती वाटली की कटकट केली तर काम दुसऱ्या कोणाला देतील. एवढंच कारण आहे. याहून मोठं कारण मी पुष्कळ वर्षं शोधलं.

पुढे छत्तीस वर्षं मुलांना शिकवलं. एकदा वर्गात एका मुलाने दुसऱ्याला 'चौकीदार' म्हणून चिडवलं. मी चिडवणाऱ्याला वर्गाबाहेर काढलं आणि का ते सांगितलं नाही. तो अजूनही विचार करत असेल. तुला टेबलाशी बसवून पेन्सिल आणि शाई शिकवली ती कशासाठी, ते तुझं तू समज. आणि जानेवारीतल्या पत्रात मी तुझ्याशी चक्क खोटं बोलले.

टेलरकाकांबद्दल मला माहीत नव्हतं. त्यांची आई तिसऱ्या गल्लीत आहे हे वाचून मी पत्र बाजूला ठेवलं.

आता तुला जे लिहायचं ते लिही. माझं नाव घालून लिही.

आत्या


२ मार्च

आत्या,

तुझं पत्र मी ऑफिसच्या जिन्यात वाचलं. मला खूप राग आला. त्याबद्दल मी माफी मागणार नाहीये, तुलाही बरं वाटेल.

तुझं नाव घालून मी लिहिणार नाही. मी दुपारी टेलरकाकांना तुझं पत्र वाचून दाखवलं. तुला न विचारता दाखवलं. त्यांनी दुसऱ्यांदा वाचायला लावलं, पाणी मागितल्यापासून पुढे.

मी म्हणाले, "काका, मी सगळं नाटक बदलते. तुमच्या आजोबांचा मोठा प्रवेश लिहिते, शेवटी सगळे उभे राहतील असा."

ते म्हणाले, "नको. टाळ्या पडतील आणि लोक घरी जातील. चार घराणी त्यांच्यावर बसलीच आहेत, अजून दहा बसतील. मला एवढंच हवंय, हे बोलणं ज्या घरातून निघालं त्याच घरातल्या माणसाने सगळ्यांसमोर सांगावं की ते खोटं होतं. एकदाच. बाकी तुमचं नाटक तुम्ही करा, मी कपडे शिवतो."

मी बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, "मी म्हणेन गं, पण मला यातलं काय ठाऊक? मी पाठ करून म्हणणार." हे त्यांनी पहिल्यांदाच मिशांना हात न लावता सांगितलं.

म्हणून तू ये. नियम असा आहे की पूर्वजाचं काम वंशजाने करायचं, आणि बाई की पुरुष हे नियमात लिहिलेलं नाही, मी तपासलं. अध्यक्षांना सांगितलं की संस्थापकांचं काम त्यांची बहात्तर वर्षांची नात करेल. त्यांना ते "प्रयोगशील" वाटलं. संहितेत मी त्या जागी फक्त लिहिलंय : "संस्थापकांचे मनोगत. मजकूर बोलणाऱ्याचा." समितीने ते पान वाचलं नाही. मनोगत कोणीच वाचत नाही. मी लपवलं का? दोन दिवस हाच विचार करतेय. पान त्यांच्या हातात होतं.

उत्तर मला नको पाठवू. टेलरकाकांना पाठव. कोट त्यांनाच शिवायचाय.

भाची


६ मार्च

नमस्कार.

आपली ओळख नाही. माझं अक्षर मात्र आपल्या घरी पंचावन्न वर्षं आहे, छापील स्वरूपात.

भाचीने आपलं म्हणणं कळवलं. मी येते. काय बोलायचं ते मी लिहून काढलं होतं, ते दीड पान झालं. त्यात माझ्या वयाबद्दल, आजोबांच्या मोठेपणाबद्दल आणि काळाबद्दल पुष्कळ होतं. ते फाडलं. आता चार वाक्यं उरली आहेत. ती आधी आपण वाचावीत असं वाटलं, म्हणून सोबत पाठवते. आपल्या आईंना वाचून दाखवायची असतील तर दाखवा. नको असेल तर एक ओळ लिहा, मी येणार नाही आणि दुसरं काय करायचं ते आपण सांगाल तसं.

कोटाची मापं : खांदा साडेचौदा, छाती छत्तीस, बाही एकवीस. आजोबा उंच होते, त्यांच्यासारखा दिसावा म्हणून खांद्यात काही भरू नका. मी जेवढी आहे तेवढीच दिसले पाहिजे.

आपली,
संस्थापकांची नात


२३ मार्च

प्रिय आत्या,

तू पहाटेच्याच गाडीने गेलीस, म्हणून पुढचं कळवते.

हॉलबाहेर पहिल्यांदा मला बेकरीवाले भेटले. म्हणाले, "तुमच्या आत्याबाईंनी काय काम केलं हो. खरं वाटावं इतकं." मी म्हणाले, ते खरंच होतं. "तेच तर म्हणतोय," ते म्हणाले, "इतकं खरं." सायकलवाल्यांच्या मते तू मध्ये थांबलीस ते वाक्य विसरलीस म्हणून, पण सावरून फार छान घेतलंस. अध्यक्ष दोन दिवस दुकानात आले नाहीत. काल आले आणि म्हणाले, समितीने ठरवलंय की मनोगत हा नाटकाचा भाग नसून पाहुण्या कलाकाराचं वैयक्तिक मत धरावं. मग गोळ्यांचं पाकीट देता देता हळूच विचारलं, "आमच्या आजोबांचा नंबर त्या यादीत कितवा होता?" मी सांगितलं, तिसरी रांग, सात. ते म्हणाले, "चांगली जागा मिळाली होती." त्यांनी आपला अर्ज परत नेला आहे. या वेळी अक्षराचं काही बोलले नाहीत.

म्हणजे अर्ध्या गावाला कळलं आणि अर्ध्या गावाने अभिनयाला दाद दिली. हे पुरेसं आहे का, मला माहीत नाही. बाबांनी मिशा काढल्या. आई परत आपल्या खोलीत आली.

टेलरकाकांनी प्रयोगानंतर कपडे मोजून पेटीत भरले आणि घरी गेले. त्यांनी तुझा पत्ता मागून घेतलाय.

तुझी भाची


२८ मार्च

बाईंना नमस्कार.

पत्र लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

तुमची चार वाक्यं मी आईला आधी वाचून दाखवली नव्हती. म्हटलं, आधी ती बोलली जाऊ देत. कागदावरचं तिने पुष्कळ सोसलंय. प्रयोग झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. आधी हे सांगावं लागलं की मी मंडळात शिवतो. ती म्हणाली, माहीत आहे, गणवेशाच्या दोऱ्यात जरीचे तुकडे कुठून येतात. मग बाकीचं सांगितलं. तिला एका कानाने कमी ऐकू येतं, म्हणून दोनदा सांगितलं.

तिने विचारलं, कोण म्हणालं. मी म्हटलं, संस्थापकांची नात. मग विचारलं, बसून की उभं राहून. मी म्हटलं, उभं राहून. मग विचारलं, रडली का. मी म्हटलं, नाही. "बरं केलं," म्हणाली. "रडली असती तर लोक तिच्याकडेच बघत बसले असते."

तुम्हाला एक माहीत नसेल. त्या दिवसानंतर आमच्या आजोबांनी मरेपर्यंत दुपारी पाठ टेकली नाही. ताप असला तरी भिंतीला टेकून बसायचे, डोळे उघडे ठेवून. कोणी येऊन झोपलेलं बघितलं तर, असं म्हणायचे. आईलाही तीच सवय. मीही दुपारी मशीनवरच असतो. आमच्या घरात दुपारी कोणी आडवं झालेलं मी साठ वर्षांत पाहिलं नाही.

काल जेवणं झाली, भांडी झाली, आणि आईने माझ्याकडे उशी मागितली.